वहिनीने उघडलेला फोर्क

वहिनी पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा तिचं आणि दादाचं लग्न अजून ठरायचं होतं. आईने तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता ही काहीतरी गोड बोलणार म्हणून. तिने मान तिरकी करून भिंतीकडे कान दिला आणि म्हणाली, "तुमच्या या भिंतीत पाणी वाहतंय. ओट्याच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर."

बाबांचा चेहरा उतरला. घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. होणाऱ्या सुनेला खोटं पाडायचंच म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. टाइल निघाली, आतल्या पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं, अगदी गुडघ्याच्या उंचीवर. बाबा म्हणाले, "मुलगी आपल्याला पसंत आहे. आता आपण तिला पसंत आहोत का, तेवढं विचारून घ्या."

वहिनी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधते. रस्त्याखालच्या नळातून पाणी कुठे निसटतंय ते वरून ऐकून सांगायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे छातीएवढी उंच लोखंडी कांडी असते. वरच्या टोकाला वाटीसारखा भाग. कांडी जमिनीला टेकवायची, वाटीला कान लावायचा. आता खात्याने हेडफोनवाली यंत्रं घेतली आहेत, पण यंत्र आणि वहिनी यांचं एकमत झालं नाही तर मुकादम वहिनीचं ऐकून खणतो. खात्यात तिला सगळे 'कानसेन' म्हणतात.

कान जितका शांत, हात तितके उतावळे. जिथे म्हणून स्क्रू दिसेल तो तिला फिरवून बघायचा असतो. मिक्सर, शिलाई मशीन, गजराचं घड्याळ, एकदा तर माझं बीपी मोजायचं यंत्र. निम्म्या वस्तू पहिल्यापेक्षा बऱ्या चालतात, निम्म्यांचा आम्ही शोक करून झालाय. दादा नेमका उलटा. तो चष्म्याची भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो. केसाएवढी चूक झाली तर माणसाला जिना वाकडा दिसतो, म्हणून तो कुठलंही माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो, खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असेल तर तेही. देवाने जोडी जमवताना एकाला घाई दिली आणि दुसऱ्याला ती थोपवण्याचं काम दिलं.

सायकल तिच्या आयुष्यात आली ती त्रेचाळिसाव्या वर्षी. टेकडीवरच्या जलाशयापासून खाली येणाऱ्या मोठ्या नळाची पाहणी पायी करता करता तिचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिने जाड टायरची, डोंगरात चालणारी सायकल घेतली. चढताना ती नळाकडे बघायची. उतरताना मात्र तिला वेगळंच काही सापडलं. पहिल्या दिवशी घरी आली ती केसात काड्या, कोपराला खरचटलेलं, आणि डोळे असे की मी आधी ताप आहे का ते बघितलं. "अगं, खाली येताना सायकल आपल्याशी बोलते!" एवढंच सांगत राहिली.

दोन वर्षांपूर्वी ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. मी नर्स, म्हणून प्लास्टर मीच कापून काढलं. हाड नीट जुळलं, पण दगडाचा हादरा थेट मनगटात गेला की अजूनही ठणका उठतो. म्हणून पुढच्या चाकाचा फोर्क तिच्यासाठी फार महत्त्वाचा. फोर्क म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे ते दोन पाय. वरच्या चकचकीत नळ्या खालच्या जाड काळ्या नळ्यांमध्ये सरकतात आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेतात.

यंदा टेकडीवरच्या उतरणीच्या शर्यतीत चाळिशीपुढच्या बायकांचा पहिल्यांदाच वेगळा गट ठेवला होता. वहिनीने पहिल्याच दिवशी नाव दिलं. फोर्क जरा अडकतोय असं तिला वाटत होतं, पण दुकानातल्या सायकलवाल्याने दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. शर्यत रविवारी. झालं! शुक्रवारी रजा टाकून बाईसाहेबांनी घरीच फोर्क उघडला. तेल मोजायला सिरिंज हवी म्हणून मला फोन केला, आणि ड्यूटीवर जाता जाता मी कपाटातली एक मोठी कोरी सिरिंज तिच्या हातावर ठेवून पळाले. काय करणार आहेस, हे विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी तीनला माझी पाळी संपली तोच दादाचा फोन. "तू ये. ही ऐकत नाहीये."

मी पोचले तर मागच्या खोलीत सायकल उभी, आणि वहिनी हँडलवर दोन्ही हात टेकून सगळं अंग टाकतेय. फोर्क हलायला तयार नाही. घराच्या चौकटीला धक्का मारल्यासारखं.

"सकाळी टेकडीवर नेली होती," दादा म्हणाला. "दहा मिनिटांत परत आली. मनगट बघ तिचं."

मनगट सुजलं नव्हतं, पण ती ते चोळत होती. "दगडावर चाक गेलं की ठोका थेट खांद्यापर्यंत," ती म्हणाली. "आधी निदान अडकत होता. आता मढ्यासारखा ताठ झालाय."

"मग उद्याचं रद्द," दादा म्हणाला. "पुढच्या वर्षीही टेकडी तिथेच असणार आहे."

"टेकडी असेल. मी अठ्ठेचाळीस वर्षांची असेन."

दादाने फोर्कचं माहितीपत्रक उलगडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि जमिनीवर मांडी घातली. आम्हाला कळलं, हा फितूर झाला.

"पहिलं," तो म्हणाला, "वरचं बटण लॉकवर नाही ना?"

उजव्या पायाच्या डोक्यावर एक बटण असतं. ते फिरवलं की फोर्क मुद्दाम घट्ट होतो. वहिनीने कपाळावर हात मारला, "अहो, एवढं कळतं मला!" पण जाऊन बघितलं मात्र. उघडंच होतं.

"दुसरं, हवा."

डाव्या पायात हवा भरलेली असते, तीच स्प्रिंगचं काम करते. छोट्या पंपावरचा काटा वहिनीच्या वजनाला हवा तितकाच दाखवत होता. दादाने वजन विचारलं, वहिनीने सांगितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोन किलो वाढव." तरीही आकडा बसत होता.

"तिसरं, चाकाचा दांडा जास्त आवळला तर दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले जातात आणि घासतात."

चाक काढलं. फोर्क जमिनीवर टेकवून दाबला. ताठ तो ताठच. मग पत्रकात होतं तसं वहिनीने प्लास्टिकची पातळ पट्टी नळीवरच्या रबरी सीलमधून हळूच आत सरकवली. आत अडकलेली हवा 'फुस्स' करून बाहेर आली आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो. सापडलं! वहिनीने हँडल दाबलं. फोर्क बोटभर खाली गेला आणि पुन्हा थांबला.

"बोटभर म्हणजे काहीतरी आहेच ना," मी म्हटलं.

"पेशंटने एक पापणी हलवली म्हणून तू त्याला घरी सोडतेस का?" वहिनी म्हणाली.

तिने सायकलवाल्याला फोन लावला. तो दुकानात गिऱ्हाइकांच्या गराड्यात होता. स्पीकरवर त्याचा आवाज आणि मागे हातोडीची ठोकठोक. "ताई, हवेच्या नळीत दोन कप्पे असतात. वरचा मोठा, तो ढकलतो. खालचा छोटा, तो उलटं ओढतो, म्हणून सुरुवातीला मऊ लागतं. हवा भरताना वरच्यातली थोडी खालच्यात जायला हवी. हळूहळू दाबून बघा, जाताना बारीक आवाज येतो. आणि ताई, पुढच्या वेळी दोन आठवडे थांबा!" फोन बंद.

वहिनी हलली नाही. तिचे डोळे बारीक झाले. "आवाज येतो म्हणाला ना?"

ती उठली आणि दारामागची लोखंडी कांडी घेऊन आली. टोक डाव्या पायावर टेकवलं, कान वाटीला लावला, हाताने आम्हाला गप्प केलं. "अहो, दाबा. सावकाश. भिंग घासता तितक्या सावकाश."

दादा दाबू लागला. मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. बाहेर कुणाचा तरी नळ चालू होता. वहिनीने वर न बघता सांगितलं, "तो शेजारचा. तुम्ही दाबत राहा." एकदा, दोनदा, पाच वेळा. मग तिने कांडी उजव्या पायावर ठेवली. "इथे तेल बोलतंय. गळागळा." पुन्हा डावीकडे. "इथे काही नाही. अजिबात काही नाही." आणि तिच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. "वीस वर्षं मी नको तिथला आवाज शोधतेय. आज पहिल्यांदा हवा तिथला आवाज हरवलाय! वाट बुजलीये गं. हवा पलीकडे जातच नाहीये. उघडायचा!"

"आत्ता?" दादा म्हणाला.

"मग काय, मुहूर्त काढता?"

घड्याळात सव्वाचार झाले होते. हवा सोडली. मी माझ्या बॅगेतला स्टीलचा कोरा ट्रे खाली धरला. वहिनीने दोन्ही पायांच्या बुडातले बोल्ट थोडे सैल करून त्यांवर रबरी हातोडीने टकटक केली, मग पूर्ण काढले. तेल खाली यायला लागलं. यायला लागलं आणि येतच राहिलं.

मला काहीतरी खटकलं. दिवसभर मी हेच बघते, कोणात किती गेलं आणि किती बाहेर आलं. "वहिनी, किती घातलं होतंस?"

"पत्रकात होतं तेवढंच. दोन्हीकडे वीस-वीस मिली."

"हे चाळीस नाहीये. हे तर जवळजवळ ऐंशी आहे."

"शक्यच नाही. मी रेघा मोजल्या. वीस रेघा, एक कमी नाही, एक जास्त नाही."

"सिरिंज आण."

तिने आणली. मी ती उजेडात धरली आणि रेघांवरून नख फिरवलं. माझीच सिरिंज. लहान सिरिंजवर एक बारीक रेघ म्हणजे एक मिली. या मोठीवर एक रेघ म्हणजे दोन. वॉर्डातल्या नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच बजावते. आणि घरी, घाईत, तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"वहिनी, चूक माझी आहे."

तिने रेघ बघितली, मला बघितलं, आणि हसत सुटली. "म्हणजे मी याला डबल डोस दिला? बिचारा हलणार कसा, गळ्यापर्यंत भरलाय!" दादाही हसायला लागला. तेलाला जागा नाही, हवेला जागा नाही, मग फोर्क खाली जाईलच कुठे?

"पण आवाज?" दादाने आठवण करून दिली. "तेल जास्त झालं म्हणून हवेची वाट नाही बुजणार."

खरं होतं. वहिनीने खालचे काळे पाय ओढून काढले, डाव्या नळीतून हवेचा दट्ट्या बाहेर घेतला आणि टॉर्च मारून आत बघितलं. मग टॉर्च दादाच्या हातात दिला. नळीच्या आतल्या भिंतीला एक छोटीशी खाच असते. दट्ट्या तिच्यासमोरून जातो तेव्हा तेवढ्याच फटीतून हवा इकडची तिकडे जाते. ती खाच शोधायला दादाला त्याचं भिंग आणावं लागलं, कारण तिच्यावर ग्रीसचा गोळा बसला होता, लिंबाच्या बीएवढा.

"पत्रकात 'पातळ थर' असं लिहिलंय," दादा म्हणाला.

"हो."

"ठळक अक्षरात."

"अहो, हो! हात सैल आहे माझा. लोणी थापल्यासारखं थापलं मी. आता बोलत बसणार की पुसायला फडकं देणार?"

फडक्याने जमणारं काम नव्हतं. दादाने भिंगं पुसायचं मऊ कापड लाकडी काडीला गुंडाळलं आणि खाच अशी साफ केली की जणू त्यातून कुणीतरी उद्या जग बघणार होतं. मग बोटाच्या टोकाला येईल एवढं ग्रीस त्यानेच लावलं. वहिनीला हात लावू दिला नाही. वहिनीने ते सहन केलं, हे त्या दिवसातलं सगळ्यात मोठं आश्चर्य.

आणि मग नवाच घोळ. तेलाची बाटली शंभर मिलीची. ऐंशी वापरलेलं, उरलेलं वीस. एका पायापुरतं. दुकान शनिवारी पाचला बंद होतं आणि पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. वहिनी मटकन खाली बसली. पहिल्यांदाच तिचा चेहरा पडलेला दिसला.

मी ट्रेकडे बघत होते. तेल कालच घातलेलं, सोन्यासारखं पिवळं, ट्रे धुतलेला. "गाळून घेतलं तर?"

"कशातून?"

मी बॅगेतून निर्जंतुक गॉजचं पाकीट काढलं आणि फाडलं. चार घड्या घातल्या, स्वच्छ वाटीवर धरल्या. तेल थेंब थेंब उतरायला लागलं आणि आम्ही तिघं त्या वाटीवर डोकी जुळवून बसलो. गॉजवर दोन काळे कण आले, बाकी काही नाही. या वेळी बॅगेतली लहान सिरिंज घेतली, मी स्वतः मोजलं. "वीस. दादा, तूही बघ." दादाने बघितलं. "वीस." वहिनीने बघितलं. "वीस! वॉर्डातसुद्धा दोघीच सही करतात ना?"

सीलखाली बसणाऱ्या स्पंजच्या कड्या तेलात भिजवल्या, पाय चढवले, बोल्ट आवळले, चाक बसवलं. हवा भरायला लागलो. थोडी भरायची, मग सावकाश दाबायचं. वहिनीने कांडी टेकवली. दादाने दाबलं.

तिने डोळे मिटले. मग मला खुणेने बोलावलं आणि वाटीला माझा कान लावला. खूप दूर, जणू दुसऱ्या घरात कुणीतरी झोपेत उसासा सोडला असा आवाज: सुस्स्स.

"आला!" मी इतक्या जोरात ओरडले की वहिनीने कान चोळले.

तिने हँडलवर हात ठेवले आणि नुसतं टेकली. फोर्क खाली गेला, मऊसूत, पार खोलवर, आणि तितक्याच अदबीने वर आला. नळीवर एक रबरी कडं असतं, फोर्क कुठवर गेला ते दाखवतं. मघाशी ते जेमतेम बोटभर सरकलं होतं, आता जवळजवळ वरच्या टोकाशी. वहिनीने पुन्हा दाबलं. पुन्हा. मग दादाने. मग मी. आम्ही तिघं आळीपाळीने त्या सायकलला असं खाली-वर करत होतो की कुणी खिडकीतून बघितलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात फोन केला असता.

रविवारी सकाळी दादा आणि मी उतरणीच्या मधल्या वळणावर उभे होतो. तिथे मुळं आणि दगड असे पसरलेत की पायी जाणाराही चार वेळा विचार करेल. एक बाई गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. दादा दोन्ही हातांनी माझा दंड धरून होता, त्याला कळतही नव्हतं किती जोरात. तेवढ्यात वरून लाल हेल्मेट आलं. वहिनीने ब्रेक सोडले होते. तिचं पुढचं चाक दगडांवरून नुसतं ठुमकत येत होतं, फोर्क आत-बाहेर, आत-बाहेर, आणि हात, खांदे, डोकं, सगळं मात्र एका रेषेत, पाण्यासारखं. आमच्यासमोरून जाताना ती ओरडली, "मनगट नाही दुखत!" आणि गेलीसुद्धा.

"समोर बघ!" दादा ओरडला, पण ऐकायला तिथे धूळच होती फक्त.

आम्ही धापा टाकत खाली पोचलो तेव्हा ती शर्यतीच्या शेवटच्या पट्टीपलीकडे सायकलला मिठी मारून बसली होती. नऊ जणींत ती चौथी आली होती. तीन बायका तिच्याहून वेगात होत्या आणि तिघींनाही ती फोर्कची गोष्ट सांगत होती, डबल डोस, गॉज, सगळं, हातवारे करून. पहिली आलेली बाई डोळे पुसत हसत होती.

मग तिने दादाच्या शर्टाच्या खिशातलं माहितीपत्रक काढलं, घडी घालून पुन्हा ठेवलं आणि खिशावरून हात फिरवला. दादा उगाच टेकडीकडे बघत राहिला.

"आता तू," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

"मी काय?"

"बस. हा खालचा गवताचा उतार आहे ना, तेवढाच. शर्यत संपली, वाट मोकळी आहे."

"वहिनी, मी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही!"

"सायकल कुणी विसरत नाही. चल, हेल्मेट घाल. फोर्क आपण तिघांनी केलाय, आणि तुला नुसतं बघत ठेवू?"

दादाने मागून सीट धरली. कमरेचा तोल, पायांचा तोल, सगळ्याची तारांबळ. उतार वरून बघताना सपाट वाटत होता, सायकलवर बसल्यावर तो सरळ खाली गेला. "सोडू नकोस, दादा, सोडू नकोस," मी म्हणत होते, आणि मागून त्याचा आवाज बराच लांबून आला, "केव्हाच सोडलंय!"

पहिला दगड आला. मी दात आवळले, डोळे मिटले. आणि काही झालंच नाही. हातांखाली काहीतरी हलकेच आत गेलं आणि बाहेर आलं. दुसरा दगड, तिसरा. मी डोळे उघडले. वारा तोंडात शिरत होता, समोर सगळं गवत माझ्याकडे धावत येत होतं, आणि कुणीतरी मोठ्याने किंचाळत होतं. ती मीच होते. शेवटी ब्रेक नेमका कुठे असतो ते आठवायच्या आत मी गवतात आडवी झाले, सायकल एकीकडे, मी एकीकडे.

वहिनी पळत आली. "लागलं? कुठे लागलं?"

मी तशीच आभाळाकडे बघत पडून होते. गुडघा जळत होता, तोंडात गवताची काडी होती.

"वर घेऊन चल," मी म्हटलं. "पुन्हा एकदा."